साऱ्या गावाचा एक बंब

 

आजची गोष्ट बंबाची आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, बंबात तुऱ्हाट्या नाहीतर काटक्या सारायच्या, डोळ्यांत धूर गेला तरी पाणी तापेपर्यंत तिथून हलायचं नाही. घरात अंघोळीला पाच जण असोत की दहा, हे काम बहुतेक ठिकाणी एकटीच्याच वाट्याला येतं.

आता अशी कल्पना करा, की थंडी अंघोळीपुरती नाही. वर्षातले सहा-सात महिने घरात जाळ नसेल तर बसवत नाही, झोपवत नाही, बाळाला न्हाऊ घालता येत नाही. अशा मुलखात घर उबदार ठेवणं हा अन्नाइतकाच मोठा खर्च. युरोपच्या उत्तरेला डेन्मार्क नावाचा देश आहे, आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा. तिथल्या काही गावांनी घरोघरचे बंब विझवले आणि साऱ्या गावात मिळून एकच मोठा बंब बसवला. तो कसा निवडला, कोणी निवडला, पैसे कोणी भरले, आणि कोणाला आधी विचारलं, ती गोष्ट मी आज सांगणार आहे. ती ऐकताना मनात आपल्या गावातली एखादी सामाईक योजना ठेवा. चालू असलेली ठेवा, नाहीतर कुलूप लागलेली ठेवा. कुलूप लागलेली योजना पाहिली नाही अशी बाई आपल्यात विरळाच.

गोष्ट सुरू होते दुधापासून. १८८२ साली पश्चिम डेन्मार्कमधल्या हिएडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी मिळून डेअरी काढली. दुधातली साय वेगळी काढणारं यंत्र नुकतंच निघालं होतं. ते एकट्या शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. म्हणून सगळ्यांनी मिळून घेतलं. ज्याचं दूध जास्त त्याला नफ्याचा वाटा जास्त, पण बैठकीत मत मात्र प्रत्येकाला एकच. दोन गायी असोत की वीस, हात एकदाच वर करायचा. मतं माणसांची मोजायची, गुरांची नाही, असं तिथे म्हणत. पुढच्या काही वर्षांत अशा शेकडो डेअऱ्या त्या देशात उभ्या राहिल्या.

यात एक गोष्ट आपण बायकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याआधी लोणी काढणं, चीज मुरवणं हे तिथल्या बायकांचं कसब होतं. चांगलं लोणी काढणाऱ्या बाईचं पंचक्रोशीत नाव असायचं. डेअरी आली, कष्ट कमी झाले, भाव बरा मिळू लागला. पण हळूहळू डेअरीची किल्ली पुरुष व्यवस्थापकाच्या हातात गेली. काम हलकं झालं आणि त्याबरोबर मानही गेला. त्या देशात बायकांना संसदेच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला तो १९१५ साली. तेव्हा ‘माणशी एक मत’ हे वाक्य ऐकलं की आपण लगेच विचारावं, माणसात कोणाकोणाला धरलंय?

तरीही त्या डेअऱ्यांनी लोकांना एक सवय लावली. एकट्याला न झेपणारी वस्तू मिळून घ्यायची, हिशोब सगळ्यांसमोर मांडायचा. आपल्याकडेही प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून साखर कारखाना उभा केला. विठ्ठलराव विखे पाटील त्यासाठी गावोगाव फिरले, आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्यामुळे ही सवय आपल्याला परकी नाही.

आता येऊ जाळाकडे. सगळ्यांसाठी मिळून उष्णता तयार करायची ही कल्पना डेन्मार्कमध्ये जुनी आहे. १९०३ साली कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग या गावात शहराचा कचरा जाळायची भट्टी बांधली, आणि त्या भट्टीच्या उष्णतेवर जवळचं इस्पितळ उबदार ठेवलं. पण खेड्यापाड्यात घर तापवण्याची सोय ज्याची त्याची वेगळी. पुढे बाहेरच्या देशातून स्वस्त खनिज तेल येऊ लागलं, तशी घराघरात तेलाची टाकी आणि तेलावर चालणारा बॉयलर आला. बटण दाबलं की घर गरम. लाकडं फोडायला नकोत, राख काढायला नको. बायकांना केवढा आराम वाटला असेल!

आणि मग १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. अरब देश आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटलं. तेल विकणाऱ्या अरब देशांनी हात आखडता घेतला. काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. डेन्मार्कची तेव्हाची नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेरून येणाऱ्या तेलावर चालत होती. सरकारने रविवारी मोटारी चालवायला बंदी केली. रस्ते ओस पडले, लोक सायकलने आणि पायी निघाले. घरात दिवे कमी, खोल्या गार. दूरच्या देशातली लढाई थेट आपल्या घरातल्या बाळाच्या पांघरुणापर्यंत येऊन पोचते, हे त्या हिवाळ्यात तिथल्या आयाबायांना कळलं. सिलिंडरचा भाव वाढला की आपल्यालाही हेच कळतं.

त्या चटक्यानंतर त्या देशाने ऊर्जेचा आराखडा केला, आणि १९७९ साली उष्णतेच्या पुरवठ्याचा कायदा केला. कायद्याचा गाभा सोपा होता. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या भागाचा नकाशा काढायचा. कुठली घरं जवळ जवळ आहेत, तिथे सामाईक उष्णता परवडेल. कुठली लांब लांब आहेत, तिथे ज्याची त्याची सोय बरी. आणि दुसरी, फार मोलाची अट: सामाईक उष्णता विकून नफा कमवायचा नाही. जळण, दुरुस्ती, पगार, कर्जाचा हप्ता असा जेवढा खरा खर्च येईल तेवढाच लोकांकडून घ्यायचा. आज त्या देशातली साधारण दोन तृतीयांश घरं अशा सामाईक उष्णतेवर चालतात.

ही उष्णता घरात येते कशी, हे थोडक्यात सांगते. गावाच्या कडेला एक भट्टी. तिच्यात पाणी तापतं. ते गरम पाणी जमिनीखालून नळाने घराघरात जातं. नळाला जाड आवरण असतं, म्हणून वाटेत ते फार निवत नाही. घरात ते पाणी भिंतीलगतच्या लोखंडी रेडिएटरमधून फिरतं आणि खोली तापवतं, अंघोळीच्या पाण्यालाही ऊब देतं. गार झालेलं पाणी दुसऱ्या नळाने परत भट्टीकडे. दर घराला मीटर. जेवढी ऊब घेतली तेवढे पैसे.

आता मुख्य गोष्ट. डेन्मार्कच्या दोन मोठ्या भूभागांच्या मधल्या समुद्रात साम्सो नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर, लोकवस्ती साधारण चार हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव आणि भोवतालच्या वाड्या. लोक शेतकरी. तिथला लवकर येणारा बटाटा देशभर प्रसिद्ध. घरं तापवायला तेल येई जहाजाने, आणि वीज येई समुद्राखालच्या तारेतून, कोळशावर तयार झालेली.

१९९७ साली सरकारने एक स्पर्धा घेतली. जे बेट दहा वर्षांत आपली सगळी ऊर्जा वारा, ऊन, काडीकचरा अशा स्वतःच्या साधनांतून मिळवायचा चांगला आराखडा देईल, ते जिंकेल. साम्सो जिंकलं. पण बक्षिसात रोख रक्कम काहीच नव्हती! आराखडा बाहेरच्या एका इंजिनियरने लिहिलेला, आणि बेटावरच्या बऱ्याच जणांना त्याची फारशी कल्पना नव्हती. अशी वरून आलेली योजना कागदावर किती सुंदर दिसते आणि गावात किती दिवस टिकते, ते आपण जाणतोच.

इथे सोरेन हर्मनसेन या माणसाचं नाव घ्यायला हवं. शेतकऱ्याचा मुलगा, गावातल्या शाळेत पर्यावरण शिकवणारा. त्याने या कामासाठी वेगळी मोठी सभा बोलावली असती तर नेहमीचे चार पुढारी आले असते. तो उलट बाजूने गेला. बेटावर जी कुठली बैठक असेल, तिथे जाऊन म्हणायचा, मला थोडा वेळ द्या. सभा झाल्यावर लोकांशी खाण्यापिण्याच्या निमित्ताने गप्पा. पहिली काही वर्षं लोक नुसते ऐकत होते. शेजारी काय करतो ते पाहू, मग ठरवू, असं प्रत्येकाचं. हर्मनसेनने हे ओळखलं आणि ज्यांच्याकडे शेजारी बघतात अशा माणसांना आधी गाठलं. त्यांनी होकार दिला, की त्यांच्यामागून बाकीचे.

सामाईक बंबाचा प्रश्न त्या गावांपुढे आला तेव्हा निवड करायची होती जळणाची. बेटावर गहू आणि जव पिकतो. काढणीनंतर काड शिल्लक राहतो. पूर्वी तो शेतातच पेटवून द्यायचे, जसं आपल्याकडे उसाचं पाचट पेटवतात. तोच काड मोठमोठे गठ्ठे बांधून भट्टीत घालायचा असं तीन ठिकाणी ठरलं. त्रानेब्येर्ग या मुख्य गावात अशी भट्टी १९९३ पासून होतीच. पुढे ओन्सब्येर्गला एक झाली, आणि बालेन व ब्रुंडबी या शेजारच्या दोन गावांनी मिळून एक उभारली. उत्तरेला नॉर्डबी आणि मोरूप या दोन गावांनी वेगळं ठरवलं. तिकडे झाडी आहे, म्हणून हिवाळ्यात लाकडाच्या ढलप्या जाळायच्या, आणि उन्हाळ्यात मैदानात मांडलेल्या सौर पत्र्यांवर पाणी तापवायचं. हे पत्रे २५०० चौरस मीटर जागेत आहेत, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठ्यांचे दहा तुकडे. तिथे मेंढ्या गवत खात पत्र्यांमधून फिरतात. २००५ पर्यंत ही चारही कामं पुरी झाली.

म्हणजे एकाच बेटावर, एकाच आराखड्यात, प्रत्येक गावाने आपल्या हाताशी जे होतं ते निवडलं. मालकीही एकसारखी नव्हती. कुठे वीज कंपनीची, कुठे गावातल्याच एका व्यावसायिकाची, आणि बालेन-ब्रुंडबीला चक्क ऊब घेणाऱ्या घरांची स्वतःची.

आता पैशाची गोष्ट. भट्टी आणि नळ यांचा खर्च मोठा. घरं जितकी जास्त जोडली जातील, तितका एकेकाचा वाटा कमी. पण आधी उडी कोण मारणार? म्हणून नियम असा ठेवला, की काम सुरू होण्याआधी जे नाव नोंदवतील त्यांच्याकडून नोंदणीचे अगदी नाममात्र पैसे. काम पुरं झाल्यावर जे येतील त्यांना जोडणीचा पूर्ण खर्च. गरिबाला आणि म्हाताऱ्या माणसाला आधीच आत घेणारा हा नियम होता. ज्याच्याकडे गाठीला पैसा आहे तो उशिरा येऊ शकतो. ज्याच्याकडे नाही, त्याला उशीर परवडत नाही.

जी घरं गावापासून लांब, शेतात होती, त्यांना नळाने जोडण्याचा हट्ट धरला नाही. लांबच्या नळातून ऊब वाटेतच निघून जाते. अशा घरांनी आपापल्या छपरावर सौर पत्रे लावले, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर बसवले. सामाईक योजना म्हणजे सगळ्यांना एकाच दावणीला बांधणं, असं त्यांनी मानलं नाही.

आणि फायदा कोणाला झाला? तेलासाठी बाहेर जाणारा पैसा काड विकणाऱ्या शेतकऱ्याकडे, नळ जोडणाऱ्या प्लंबरकडे, भट्टी सांभाळणाऱ्या माणसाकडे जाऊ लागला. भट्टीतली राख खत म्हणून परत शेतात गेली. तळघरातली वास मारणारी तेलाची टाकी गेली आणि तिथे जागा मोकळी झाली. पाठीत बाक आलेल्या आजीला बॉयलर बंद पडला म्हणून अंधारात जिना उतरावा लागेना. याच काळात बेटावर पवनचक्क्याही उभ्या राहिल्या: २००० साली जमिनीवर ११, आणि २००३ पर्यंत समुद्रात १०. त्यांतल्या काही शेतकऱ्यांच्या, काही नगरपालिकेच्या, आणि काहींमध्ये शेकडो साध्या माणसांचे छोटे शेअर. हे आवाज करणारं धूड माझ्या दारात नको, असं म्हणणाऱ्या माणसाचाच त्यात शेअर असला, की तो सकाळी उठून वारा आहे का ते बघतो!

तुम्ही म्हणाल, ताई, चांगलं चांगलं तेवढंच सांगितलंत. फसलेलंही सांगते. लंडनच्या दक्षिण भागात २००२ साली बेडझेड नावाची सुमारे शंभर घरांची वसाहत उभी राहिली. शहरातल्या झाडांच्या छाटणीतून निघणाऱ्या ढलप्यांवर चालणारं एक नवं यंत्र तिथे बसवलं. वीजही तेच करणार आणि गरम पाणीही तेच देणार. जगभरातून लोक बघायला आले. पण ते यंत्र वारंवार बिघडे. नवीन जातीचं असल्याने दुरुस्ती अवघड. तीन-चार वर्षांतच ते बंद करावं लागलं आणि वसाहतीत साधे गॅसचे बॉयलर आले. घरांच्या भिंती जाड बांधल्या होत्या, ऊब धरून ठेवत होत्या, म्हणून रहिवाशांचे फार हाल झाले नाहीत. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या. पहिली, ऊब निर्माण करण्याआधी ती निसटणार नाही याची सोय करा. गळक्या घागरीत पाणी भरून काय उपयोग? दुसरी, यंत्र जगात सगळ्यात नवं असण्यापेक्षा ते दुरुस्त करणारा माणूस जवळ राहतो का, हे आधी विचारा. साम्सोच्या काडाच्या भट्टीत नवलाईचं काही नव्हतं. आपल्या साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळून बॉयलर चालतो, साधारण तीच जात. म्हणून तिथल्या माणसांना ती सांभाळता आली.

आणखी एक. काडाबद्दल तिथेही वाद आहे. काड जाळायचा की जमिनीत मुरवायचा? जमिनीलाही खायला लागतं. शिवाय भट्टी काही जन्माची नसते. वीस-पंचवीस वर्षांनी ती थकते आणि गावाला पुन्हा बसून ठरवावं लागतं. आता डेन्मार्कमध्ये बऱ्याच ठिकाणी विजेवर चालणारे मोठे हीट पंप येत आहेत, जे हवेतली किंवा पाण्यातली ऊब खेचून घेतात. म्हणजे निवड एकदा करून संपत नाही. ज्या गावाला एकदा मिळून ठरवता आलं, त्या गावाला पुढच्या वेळी ते सोपं जातं. मला वाटतं, साम्सोची खरी कमाई हीच आहे.

आपल्याला घरं तापवायची नाहीत. पण सामाईक सौर वाळवण यंत्र, डाळमिल, पाण्याची टाकी, गोबरगॅस, असं काही ना काही आपल्या गटापुढे येतंच. साहेब येतात, फोटो काढतात, नारळ फुटतो. तेव्हा या गोष्टीतून घेतलेले काही प्रश्न पदरात बांधून ठेवा. याला लागणारं जळण किंवा कच्चा माल आपल्या शिवारात आहे का? बिघडलं तर दुरुस्त करणारी, शक्यतो आपल्यातलीच, कोण? नफा उरला तर तो कोणाचा? उशिरा येणारीला काय नियम, आणि जिच्याकडे आज पैसे नाहीत तिला आधीच कसं आत घ्यायचं? लांबच्या वस्तीवरच्या बाईची वेगळी सोय काय? आणि सगळ्यात शेवटी, किल्ली कोणाच्या कमरेला? डेन्मार्कच्या त्या लोणी काढणाऱ्या बायकांना हा प्रश्न वेळेवर विचारता आला नाही. आपण विचारू शकतो.

पुढच्या बैठकीत यातला एक तरी प्रश्न गटात मांडा. उत्तर एकमताने नाही आलं तरी चालेल. साम्सोच्या लोकांनाही होकार द्यायला वर्षं लागली होती.

चला, बंब विझला असेल, बघा जरा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.